सहा बाहुल्या, एक बॅटरी

२९ ऑगस्ट. सकाळपासून बॅटऱ्यांत पाणी घालतेय. उणकलच्या घरात इन्व्हर्टरच्या दोन आणि कारखान्यात चार, अशा सहा बॅटऱ्यांचं पाणी मी दर दोन महिन्यांनी स्वतः बघते. हे काम मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक नळाचं पाणी ओततात आणि वर मला पटवतात की डिस्टिल्ड वॉटरच होतं. टोपणं उघडायची, नाक जरा लांब ठेवायचं, बारीक नळीने रेषेपर्यंत पाणी घालायचं, पुसून घ्यायचं. पाऊण तासाचं काम. हात चालू असले की डोकं मोकळं राहतं, आणि दर वर्षी चतुर्थीच्या आसपास हे काम निघालं की मला एक जुनी बॅटरी आठवते. तिने मला जेवढं शिकवलं तेवढं डिप्लोमाच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही. म्हणजे बॅटरीने नाही, अप्पांनी. पण हे कबूल करायला मला तेव्हा तीन दिवस लागले, ते सांगायलाच हे प्रकरण लिहितेय.

आमचं दुकान हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात होतं. खिळे, बिजागऱ्या, वायर, होल्डर, सुतळी, नांगराचे बोल्ट, सगळं एकाच बारा फुटी दुकानात. पणजोबा मिरजेकडून आले आणि परत गेले नाहीत. दुकानाच्या मागे आम्ही राहायचो. पुढच्या दारातून गिऱ्हाईक कन्नडमध्ये स्क्रू मागायचं, मागच्या दारातून आई मराठीत मीठ मागायची, आणि मधल्या माणसाला दोन्ही एकाच वेळी ऐकू यायचं. हातगाड्यांची चाकं पहाटेपासून फरशीवर खडखडायची. पाणी आठ दिवसांनी एकदा यायचं आणि कधी येईल ते फक्त शेजारच्या शांतक्कांना कळायचं. त्या जिन्यात उभं राहून "नीर बंतु" म्हणून ओरडल्या की ज्याच्या हातात जे असेल ते टाकून तो घागर उचलायचा. पाहुणे आले तरी आठ दिवसांचा हिशोब करून त्यांना आंघोळीचं विचारलं जायचं. आजही मी पेलाभर पाणी उष्टं टाकणाऱ्या माणसाकडे जरा रोखून बघते.

बाजार वडलांना अप्पाराव म्हणायचा, आम्ही अप्पा. दुकानदारी त्यांना येत होती, पण त्यात त्यांचा जीव नव्हता. त्यांचा जीव वर्षातल्या दहा दिवसांत होता. गल्लीच्या गणपती मंडळाचा हलता देखावा ते करायचे, सतरा वर्षं. मंडळाचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण दुर्गदबैलात कुणालाही विचारलं तर तो सांगायचा, "अप्पारावांचा गणपती." मूर्ती कोण आणतं, आरास कोण करतं, ते कुणाच्या लक्षात नसायचं. आषाढ लागला की आमच्या मागच्या खोलीत बाहुल्यांचे हात, मुंडकी, रंगाचे डबे आणि सरसाचा वास. आई त्या वासात भाकरी थापायची. एकदा तिने वांगं समजून बाहुलीचं डोकं चिरायला घेतलं होतं, असं ती स्वतःच सांगायची. मला ते खरं वाटत नाही, पण तिची भरली वांगी आणि शेंगाचटणी खाताना ही गोष्ट ऐकली की जेवण लांबायचं आणि बरं वाटायचं.

देखाव्याचं नाव 'गावातली सकाळ'. जात्यावर दळणारी बाई, ताक घुसळणारी म्हातारी, पाळणा हलवणारी आई, कुंभार, लोहार आणि मान हलवणारी गाय. सहा जण. मंचाखाली अप्पांनी एक लांब लोखंडी दांडा बसवला होता. एका टोकाला पट्ट्याने मोटर जोडलेली, आणि दांड्यावर सहा लाकडी चकत्या. चकत्यांना मध्ये भोक नव्हतं, कडेला होतं, त्यामुळे दांडा फिरला की चकती वरखाली व्हायची आणि तिच्यावर टेकलेली काठी बाहुलीचा हात उचलायची. साधी, भक्कम गोष्ट. तिचा दोष एकच. दांडा एक, म्हणून वेगही एकच. लोहाराने घण मारायचा त्याच ठेक्यात गाय मान हलवणार आणि त्याच ठेक्यात पाळणा. लोहार झोपाळू वाटायचा आणि पाळण्यातलं बाळ आत्ता बाहेर पडतंय की मग, असं बघणाऱ्याला वाटायचं. गर्दीत दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच, "अग, त्या बाईला सांग, लेकरू आहे, लस्सी नव्हे."

ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षी शेजारच्या गल्लीतल्या मंडळाने बेळगावहून तयार देखावा आणायचं ठरवलं होतं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष बसण्णा, कापडाचे व्यापारी, दुकानी आले. चांगला माणूस, पण बोलताना सगळं कापडासारखं टरकन फाडायचे.

"अप्पाराव, लोक हसतात की ओ. सतरा वर्षं तीच गाय, तीच मान. औंदा काही तरी नवीन करा, नाहीतर आपणही बेळगावचंच बघू."

अप्पा स्क्रू मोजत होते. "बघा की," एवढंच म्हणाले. पण मोजणं चुकलं आणि त्यांनी सगळे स्क्रू परत ओतून पहिल्यापासून मोजायला घेतले. अप्पांचं मोजणं चुकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा नुकताच संपवला होता. वीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. मी आतून बाहेर आले आणि म्हटलं, "काका, या वर्षी सहाच्या सहा आपापल्या वेगाने हलतील. मी करते."

बसण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग अप्पांकडे. "हुडगी करणार? ही पोरगी?"

"करते म्हणते तर करेल," अप्पा म्हणाले.

कल्पना सोपी होती, आजही सोपीच आहे. बटण दाबून मोटर चालू केली, लगेच बंद केली, परत चालू केली, असं सेकंदाला शंभर वेळा केलं, तर मोटरीला थांबायलाही वेळ मिळत नाही आणि पूर्ण पळायलाही. चालू ठेवायचा वेळ कमी केला की ती सावकाश फिरते, वाढवला की जोरात. पुस्तकात याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. एक मोटर असेल तर हे करायला चार सुटे भाग पुरतात. सहा मोटरी, सहा वेग, आणि सगळं एकाच ठिकाणाहून, म्हटल्यावर मला मायक्रोकंट्रोलर हवा होता. चाळीस पायांची काळी चिप. तिच्या एका बाजूच्या सहा पायांतून सहा मोटरींना हुकूम जाणार, प्रत्येक पायाला एक ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपने नुसतं बोट दाखवायचं आणि ओझं ट्रान्झिस्टरने उचलायचं. आता अशा चिपा मिळतात ज्यांच्यात हे काम करणारे सहा-सहा भाग आधीच बसवलेले असतात, एक ओळ लिहिली की झालं. माझ्या कारखान्यातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत करतात. तेव्हा माझ्या चिपमध्ये तसं काही नव्हतं. सगळं मोजून करायचं होतं.

ते मी असं केलं. चिपच्या आत एक घड्याळ शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत मोजायचं आणि परत शून्यावर यायचं. प्रत्येक बाहुलीला मी एक आकडा दिला. गाय पंधरा, पाळणा पंधरा, जातं अठरा, ताक वीस, कुंभार बावीस, लोहार तीस. मोजणी शून्यावर आली की सहाही मोटरी चालू करायच्या. पंधरा झाले की गाय आणि पाळणा बंद, अठराला जातं बंद, असं करत तीसला लोहार बंद, आणि मग शंभरापर्यंत सगळे गप्प. हे मी वहीच्या चौकोनी कागदावर काढलं तेव्हा मला ते फार देखणं वाटलं. सहा जण एकाच ठोक्याला उठतात आणि आपापल्या वेळेला बसतात. डावीकडची कड पट्टीने मारल्यासारखी सरळ. मी तो कागद आईलाही दाखवला. ती म्हणाली, "रांगोळीला बरा आहे."

मोटरी ट्रकच्या वायपरच्या. जुन्या हुबळीत भंगारवाल्यांकडे ढीग पडलेले असायचे. अप्पा आणि मी लूनावरून गेलो, तीन फेऱ्या केल्या. अप्पा प्रत्येक मोटर कानाशी धरून हाताने फिरवायचे आणि "ही नको, ही दम्याची आहे" असं म्हणून बाजूला ठेवायचे. परत येताना आम्ही गिरमिट, म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे, खायचो, कागदात, वर दोन मिरच्या. मला वाटतं, माझ्या आणि अप्पांच्या आयुष्यात आम्ही सर्वांत जास्त बोललो ते त्या तीन फेऱ्यांत, आणि तेही फक्त मोटरींबद्दल. आमच्यात तेवढं पुरायचं.

मग जुनं यंत्र उतरवायचं काम. मंचाखाली वाकून मीच नट सोडवत होते. दांड्यावरच्या सहा चकत्या बघितल्या तर एकही दुसरीच्या रेषेत नव्हती. एक इकडे तोंड करून, एक तिकडे, तिसरी आणखी कुठे. मला हसू आलं.

"अप्पा, सतरा वर्षांत एक चकती सरळ बसवली नाहीत?"

अप्पांनी पाना माझ्या हातातून घेतला आणि पुढचा नट सोडवला. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ मी 'चूक कळली' असा घेतला. दांडा कापून मी मोटरींसाठी ब्रॅकेट करून घेतले, लोखंड वाया जाऊ नये म्हणून. चकत्यांवर आईने गरम पातेली ठेवायला सुरुवात केली. आता मागे फिरायला काही उरलं नव्हतं. हे मला तेव्हा कळत होतं, आणि आवडतही होतं.

मंडपात अप्पांनी बाहुल्या आणि मोटरी बसवल्या. मी घरी सर्किट जोडत होते. घरी माझ्याकडे दोनच जादा मोटरी होत्या, म्हणून मी सहाही पाय दोन-दोन करून तपासले. झकास चालले. चतुर्थीच्या दोन दिवस आधी, दुपारी तीन वाजता, मी सर्किटचा डबा घेऊन मंडपात गेले. बसण्णांसह पंधरा-वीस माणसं जमली होती. मंचाखाली ट्रकची एक बॅटरी. अप्पांनी नारळ फोडला, मी बटण दाबलं.

सहा बाहुल्यांनी हात उचलले आणि थांबल्या. परत उचलले, थांबल्या. परत. सेकंदाला दोनदा, सगळ्या एकत्र. लोहाराचा घण बोटभर वर जायचा आणि पडायचा, गाईची मान नुसती दचकायची.

"गावाला उचकी लागली!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळा मंडप हसला. बसण्णा हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं.

काय होत होतं ते मला कळायला वेळ लागला नाही. मोटरी सुरू होताना बॅटरी इतकी दबत होती की चिपला स्वतःपुरतीही वीज मिळत नव्हती. ती भोवळ येऊन पडायची, उठायची, पहिल्यापासून सुरू करायची, की परत भोवळ. काय होतंय ते कळलं, पण का होतंय ते चुकीचं कळलं. मी म्हटलं बॅटरी जुनी आहे. बसण्णांनी कुणाच्या तरी ट्रॅक्टरची काढून आणवली. उचकी तीच. मग मी म्हटलं वायर बारीक आहे.

वायर अप्पांनी टाकली होती. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "अप्पा, तुमची वायर बारीक आहे. मी जाड सांगितली होती." मी जाड सांगितली नव्हती. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. ते दुकानात गेले, जाड वायरचं भेंडोळं आणलं, पाठीवर झोपून मंचाखाली सगळी वायर बदलली. दीड तास. उचकी जरा लांबली, एवढंच.

बसण्णा अप्पांशी बोलले, माझ्याशी नाही. "अप्पाराव, जुनं यंत्र परत लावता येईल काय?"

"नाही," अप्पा म्हणाले. "मोडलं."

"मग उद्या संध्याकाळपर्यंत बघा. नाही जमलं तर बाहुल्या तशाच ठेवू, हलल्या नाहीत तर नाहीत." आणि जाता जाता, हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत, "सतरा वर्षांचं नाव हो. मुलीच्या हट्टापायी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. शांतक्का ओरडल्या, आम्ही सगळे घागरी घेऊन धावलो. पिंपं भरून झाल्यावर अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहा घेऊन बसले. मी ओल्या पायांनी वही उघडून बसले होते. तोच तो चौकोनी कागद, तिसाव्यांदा बघत. चूक सापडत नव्हती, कारण चूक नव्हतीच, मोजणी अचूक होती.

"विजू," अप्पा म्हणाले, "त्या तुझ्या चिपात, सगळ्या मोटरी एकदमच उठतात?"

"हो. शून्यावर."

"का?"

"का म्हणजे? सोपं पडतं."

"कुणाला?"

मी वर बघितलं. अप्पांनी हात लांब करून ओट्यावरची एक चकती ओढली. तिच्यावर आईचं आमटीचं पातेलं होतं, ते आधी खाली ठेवलं. मग दुसरी घेतली. दोन्ही एकमेकींवर ठेवून, कडेची भोकं जुळवून, मला दाखवलं.

"पहिल्या वर्षी मी अशाच बसवल्या होत्या. एका ओळीत. दिसायला चांगलं दिसतं. सहा बाहुल्या एकदम हात वर करायला लागल्या की मोटर रडायची, पट्टा निसटायचा. दोन मोटरी जाळल्या मी. मग मला कळलं, ओझं जास्त नव्हतं, एकाच वेळी येत होतं." त्यांनी वरची चकती थोडी फिरवली. "हिचा हात वर जाताना तिचा खाली येतो. मग तीच मोटर सतरा वर्षं चालली."

"पण तुम्हाला कसं कळलं की चिपमध्ये सगळ्या..."

"काल मंचाखाली झोपलो होतो नव्हं दीड तास. मधून मधून तू बटण दाबत होतीस. सहा मोटरींवर हात ठेवून बघितला. सहा मोटरी, पण घुं एकच. सगळ्यांचा श्वास एकदम."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "काल का नाही सांगितलंत?"

"काल ती विचारत नव्हती," अप्पा म्हणाले, आणि चहा प्यायले.

मी कागद उलटा केला. सहा आकडे तेच ठेवले, फक्त प्रत्येकाची उठायची वेळ वेगळी. गाय शून्यावर उठून पंधराला बसेल, तेव्हा पाळणा उठेल. तो तीसला बसेल, तेव्हा जातं. मग ताक, मग कुंभार, मग लोहार. सगळ्यांची बेरीज एकशेवीस, म्हणजे शंभरात मावत नाही, लोहाराचं शेपूट परत गाईवर आणि पाळण्यावर येतं. आलं तर येऊ दे. पण एका क्षणाला दोनपेक्षा जास्त मोटरी कुठेच नाहीत. काल सहा होत्या. वेग तेच, मोजणी तीच, बॅटरी तीच. कागदावर आता डावी कड सरळ नव्हती, जिन्यासारखी उतरत गेली होती. अप्पांच्या चकत्यांसारखी वेडीवाकडी दिसत होती. मला त्या कागदाकडे बघून लाज वाटली, पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता. चिपमध्ये नवा प्रोग्राम भरायचं यंत्र घरी नव्हतं. ते विद्यानगरात, देसाई सरांच्या क्लासमध्ये होतं, आणि सर सणाला गावी जाणार होते.

लूना काढली. सर कुलूप हातात घेऊन दारातच होते. "बारा वाजताची बस आहे माझी," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, दहा मिनिटं." त्यांनी घड्याळाकडे बघत कुलूप परत उघडलं. मी घाईने चिप सॉकेटमधून स्क्रू ड्रायव्हरने उचकटली आणि तिचा एक पाय वाकला. सर शेजारी येऊन उभे राहिले. माझ्याकडे दुसरी चिप नव्हती, त्यांच्याकडेही नव्हती. चिमट्याने मी तो पाय सरळ केला. तो एकदाच सरळ होतो, दुसऱ्यांदा तुटतो, हे माहीत असताना. पाय टिकला. प्रोग्राम भरला. सरांची बस बहुतेक चुकली असावी, मी नंतर कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुपारी दोनला मंडपात फक्त अप्पा आणि मी होतो. बाकी सगळे जेवायला गेले होते, ते बरं झालं. बटण दाबलं. गाईने मान वळवली, सावकाश, जशी गाय वळवते. पाळणा हलला. जातं फिरलं. लोहाराने घण मारला, जागा असल्यासारखा. मंचाखालून येणारा आवाज कालच्यासारखा खडबडीत नव्हता, बारीक आणि सलग होता. अप्पा वाकून खाली गेले, बॅटरीच्या डब्यावर हात ठेवून बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा गुडघे झटकत म्हणाले, "कुंभार जरा घाईत आहे." कुंभार खरंच घाईत होता. त्यासाठी परत चिप काढायची माझी हिंमत नव्हती. दहा दिवस तो तसाच घाईत राहिला.

चतुर्थीच्या संध्याकाळी मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका मुलांना कडेवर उचलून गाय दाखवत होत्या. पाळण्याला कुणी हसलं नाही. बसण्णांनी माइक घेतला, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. म्हणाले, आपल्या गल्लीच्या मुलीने कम्प्युटरवर चालणारं गाव केलं. अप्पारावांचं जुनं यंत्र होतं, त्याचे दिवस गेले, आता पुढच्या वर्षीपासून सगळं ही मुलगीच बघेल, अप्पारावांनी आराम करावा. टाळ्या पडल्या. मला पुढे बोलावून शाल घातली, नारळ दिला. शाल चांगली होती, बसण्णांच्याच दुकानातली, जरीकाठी. अप्पा मंडपाच्या कडेला उरलेल्या वायरचं भेंडोळं गुंडाळत उभे होते. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली, "सुटलात की अप्पाराव! बसा आता घरी."

"बसतो की," अप्पा हसून म्हणाले.

माइक माझ्यापासून दोन हातांवर होता. मी तो घेतला नाही. मी हसले, शाल सारखी केली आणि खाली उतरले. हे लिहायला मला आज काही विशेष वाटत नाही, पण तेव्हाचं तसंच्या तसं लिहायचं तर हेही लिहायला हवं, की मला त्या टाळ्या फार आवडल्या होत्या.

घरी आल्यावर आईने पुरणाचे कडबू वाढले, वरून तूप. अप्पांनी तीन खाल्ले, सारण चांगलं झालंय म्हणाले, कुंभाराचा वेग कसा कमी करता येईल ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. आईने माझ्या खांद्यावरची शाल दोन बोटांत धरून काठ बघितला.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाची?"

अप्पा म्हणाले, "अग, तिला जेवू दे."

सकाळी मी शालीची घडी घातली आणि बसण्णांच्या दुकानावर गेले. ते शटर वर ढकलत होते. मी शाल गल्ल्यावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. चूक माझी होती, वायरबद्दल खोटं मी बोलले होते, आणि सहा मोटरी एकापाठोपाठ उठवायचं अप्पांनी सांगितलं, चिपला हात न लावता.

बसण्णांनी सगळं ऐकलं. "मग काल का बोलली नाहीस, तंगी?" गल्लीतल्या सगळ्या मुलींना ते तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणायचे.

"काल शाल आवडली होती."

"बरं. मग आता काय करू म्हणतेस?"

"संध्याकाळी माइकवर सांगा. देखावा अप्पारावांचा आहे, पुढच्या वर्षीही त्यांचाच. मी त्यांच्या हाताखाली."

"संध्याकाळी आमदार यायचेत. माइक मोकळा नसतो." ते गादी झटकू लागले. "तूच सांग की जाऊन लोकांना. कोण नको म्हणतंय?" त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

मी शाल तिथेच ठेवली, पायऱ्या उतरले, आणि गल्लीच्या मधोमध, दोन हातगाड्यांच्या मध्ये उभी राहून, मोठ्याने सांगायला सुरुवात केली. कन्नडमध्ये, म्हणजे सगळ्यांना कळावं. चूक माझी, वायर, बॅटरी, मग अप्पा. समोरच्या तांबटाचा हातोडा चालू होता, त्यामुळे अर्धं कुणाला ऐकू गेलं नाही. त्याने तो खाली ठेवेपर्यंत मी थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.